येथे रिंगटोन कापून मिळेल

तुमचा फोन खिशातच राहू द्या. इथे त्याचा उपयोग नाही. तुमचं सिम इथल्या कुठल्याच कंपनीच्या वहीत नाही, व्हॉट्सअ‍ॅप अजून जन्माला यायचं आहे आणि बॅटरी उतरली तर तुमच्या मापाची पिन या गावात कुणाकडेही मिळणार नाही. चार्जर मागायला गेलात तर समोरून एकच प्रश्न येईल, "जाडी पिन का बारीक पिन?" नोकियाच्या जुन्या फोनला जाडी, नव्याला बारीक. तिसरीच कुठली पिन असेल तर तो चायना मोबाइल, आणि त्याची हमी विकणारासुद्धा घेत नाही.

साल २००८, मे महिना, दुपारचे पावणेदोन. तुम्ही बार्शीच्या एसटी स्टँडसमोर उभे आहात. ऊन मी म्हणतंय. रसवंतीचे घुंगरू, कंडक्टरची शिट्टी, फलाटावरच्या भोंग्यातून येणारं न कळणारं काहीतरी, आणि या सगळ्यातून कुठूनशी नोकियाची ती ठरलेली धून. लगेच चार जणांचे हात खिशाकडे जातात. एक जण फोन काढतो, बघतो, परत ठेवतो. दुसराही तेच करतो. ही धून स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगा यांच्या 'ग्रान व्हाल्स' या १९०२ सालच्या गिटारच्या रचनेतून उचललेली आहे. इथे मात्र तिला 'कंपनीची' म्हणतात. कंपनीची रिंगटोन ठेवणारा माणूस म्हणजे फोन आणला तसाच वापरणारा. वाजला तो आपला की शेजारच्याचा, एवढं कळायला तरी ती बदलावी लागते. आणि बदलायची तर रस्ता ओलांडून त्या टपरीत जावं लागतं.

टपरी सहा बाय आठची. काउंटरच्या काचेखाली कव्हरं, रिचार्जची कुपनं, फोन गळ्यात अडकवायच्या रंगीत दोऱ्या. वर रंगाऱ्याने लिहिलेली पाटी: 'मोबाइल रिपेअरिंग, रिचार्ज, मेमरी कार्ड भरून मिळेल'. त्याखाली, मागाहून सुचल्यासारखं, वेगळ्या रंगात: 'येथे रिंगटोन कापून मिळेल'. आत ढेरपोट्या मॉनिटरचा कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर टेबलफॅन, आणि की-बोर्डच्या बाजूला बोटभर उंचीची कार्ड रीडरची डबी. दुकानदार म्हणजे विशी ओलांडलेला पोरगा. माल आणायला तो पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. कापायचं काम तो कुणाकडून शिकलेला नाही.

स्टुलावर बसा. तो तुमच्याकडे बघणार नाही, त्याचं लक्ष घड्याळाकडे आहे. अडीचला लाइट जाणार. सध्या महाराष्ट्रात लोडशेडिंगचं राज्य आहे आणि तालुक्याच्या गावातला प्रत्येक धंदा त्या वेळापत्रकाने चालतो. पीठगिरणी, झेरॉक्स, वेल्डिंग आणि रिंगटोन. यूपीएस दहा मिनिटं ओढतो, तेही फॅन बंद ठेवला तर.

तुमच्या आधी एक तात्या आलेले आहेत. पांढरी टोपी, आडतीवर ज्वारी घालून आलेले, हातात मुलाने पुण्याहून आणून दिलेला फोन.

"कसली पायजे तात्या? गाणं का डायलॉग?"

"ते बनवाबनवीतलं. पत्ता इचारतो बघ त्यो."

"धनंजय माने?"

"हां. तेच."

पोरगा हसतो. आज सकाळपासून हीच मागणी तिसऱ्यांदा आली आहे. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, म्हणजे या क्षणी वीस वर्षांचा. त्यातलं ते सत्तर रुपयांचं वाक्य, ते बायको-पार्वतीचं वाक्य, ही सगळी इथे दर आठवड्याला कापली जातात. संवाद लिहिले वसंत सबनीस यांनी, आणि सबनीस बार्शीच्याच सोलापूर जिल्ह्यातले. टपरीत हे कुणाला ठाऊक नाही, ठाऊक असण्याची गरजही कुणाला वाटत नाही. पण तात्यांची निवड नीट बघा. दारात उभं राहून अमुक माणूस इथे राहतो का, असा तो प्रश्न आहे. रिंगटोनचं कामही नेमकं तेवढंच. दुसरे कितीतरी विनोद त्या चित्रपटात याहून मोठे आहेत, पण ते फोनवर चालत नाहीत, कारण त्यांना आधीचं वाक्य लागतं. हा प्रश्न मात्र कुठल्याही क्षणी, कुठल्याही खिशातून उठला तरी पुरा असतो.

आता त्याच्या हाताकडे बघा. ड्रॉवरमधून सीडी निघते. खरं तर व्हीसीडी. एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांवर मावतो. गेल्याच वर्षी मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या आणि भाड्याने सीडी देणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. तबकडी आत जाते, ड्राइव्ह घरघरतो. तो व्हिडिओ चालू करत नाही. सरळ तबकडीवरचा फोल्डर उघडतो, आतली 'डॅट' नावाची मोठी फाइल कॉम्प्युटरवर ओढून घेतो आणि तिच्यातला नुसता आवाज वेगळा काढतो. चित्रं गेली. अशोक सराफ, सचिन, लक्ष्या, सुप्रिया, सगळ्यांचे चेहरे गेले. पडद्यावर उरली हिरव्या रेघांची एक लांबच लांब पट्टी. जिथे माणसं बोलतात तिथे रेघा फुगतात, जिथे गप्प राहतात तिथे बसतात.

पोरगा कान लावत नाही, डोळ्यांनी शोधतो. चित्रपट पाठ असला की त्याची पट्टीही पाठ होते. इथे हशा पिकायची जागा, इथे गाणं सुरू होतं, इथे दार वाजतं. पाचव्या सेकंदाला तो जागेवर पोचतो. मग पट्टी मोठी करतो, अजून मोठी, इतकी की एक शब्द स्क्रीनभर पसरतो.

"शब्दाच्या आधी श्वास ठिवायचा नाय," तो स्क्रीनलाच सांगितल्यासारखं म्हणतो.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण या धंद्याचं सगळं शास्त्र त्यात आहे. सिनेमात माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, मागे भांडं वाजतं, पंखा फिरतो, आणि त्यामुळे बोलणं खरं वाटतं. फोनला तो अर्धा सेकंद परवडत नाही. हा मिस्ड कॉलचा जमाना आहे. 'पोचलो', 'खाली ये', 'फोन कर', 'डबा पाठव', हे सगळे निरोप एका रिंगमध्ये जातात. म्हणजे तात्यांच्या रिंगटोनचा बहुतेक वेळा पहिलाच एक सेकंद जगाला ऐकू येणार. तो श्वासात गेला तर पुढच्या वाक्याला काय चाटायचंय? म्हणून काप थेट अक्षरावर. पण अक्षराच्या अगदी पोटात कापलं तर 'टुक' असा खडा वाजतो, कारण आवाजाची लाट मध्येच तुटते. त्यासाठी लाट मधल्या रेघेला टेकते ती जागा शोधायची आणि तिथे सुरी लावायची. पोरगा याला 'रेघेवर कापणं' म्हणतो. स्टुडिओतला रेकॉर्डिस्टही हेच करतो, फक्त तो इंग्रजी नाव सांगतो आणि तासाचे पैसे घेतो.

शेवट कापणं सोपं. शेवटाला तो हळूच आवाज उतरवतो, कारण सात सेकंद संपले की फोन पुन्हा पहिल्यापासून म्हणणार आहे, आणि दोन धनंजय माने एकमेकांवर आदळले तर वाक्याचा चिवडा होतो. सात सेकंदांचा तुकडा एमपीथ्री करून शंभरेक केबी होतो. त्यात एक बारकावा असा की स्टिरिओ काढून मोनो केलं तर फाइल निम्म्यावर येते आणि कुणालाच फरक कळत नाही, कारण फोनला स्पीकर एकच. फाइलला नाव देताना तो शेवटी आपल्या दुकानाचं नाव चिकटवतो. जाहिरात म्हणा, सही म्हणा.

ब्लूटूथ. कोड शून्य-शून्य-शून्य-शून्य. तात्यांचा फोन थरथरतो, फाइल आत जाते. वाजवून बघतात.

"बारीक येतोय. मोठा कर."

"तात्या, आवाज फाटंल."

"फाटू दे. हिरीवर मोटर चालू असती. बांधावनं ऐकू आलं पायजे."

इथे पोरगा कारागीर आहे आणि तात्या बरोबर आहेत. आवाज मर्यादेपलीकडे वाढवला की लाटांचे शेंडे छाटले जातात, त्यालाच आपण फाटणं म्हणतो. ऐकायला तो कर्कश लागतो, पण छाटलेल्या लाटेत वरचे, टोकदार सूर वाढतात आणि एकूण आवाज सरासरीने चढतो. मोटरच्या घुमाऱ्यातून तेच सूर बाहेर पडतात. चित्रपटगृहात ज्या आवाजाला आपण खराब म्हणू, तो विहिरीच्या बांधावर उत्तम ठरतो. पोरगा मान हलवत पट्टी ताणतो, रेघा वर-खाली चौकटीला भिडतात, आणि दुसऱ्यांदा फाइल जाते. पाच रुपये. तात्या नाणं काउंटरवर ठेवतात आणि बाहेर पडताच समोरच्या पानपट्टीवरून स्वतःच्याच फोनवर एक रुपयाचा कॉल करून बघतात.

तेवढ्यात लाइट जाते, यूपीएस किंचाळायला लागतो. दहा मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात या पोराशी बोलून घ्या. या विषयावर चित्रपट समीक्षकांपेक्षा त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. त्याला विचारा, कुठला आवाज चालतो आणि कुठला नाही. फोनचा स्पीकर नखाएवढा. खालचे सूर त्याला पेलतच नाहीत. तबला ऐकू येतो, डग्गा गायब होतो. ढोलकीची चाट उरते, घुमारा जातो. हलगी मात्र जशीच्या तशी कडाडते, म्हणून लग्नसराईत हलगीला मरण नाही. माणसांचंही तसंच. निळू फुल्यांचा तो खर्जातला, दाताखालून येणारा आवाज थेटरात अंगावर काटा आणतो. फोनवर त्याचा निम्मा दरारा जातो. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरलेला, वर चढलेला सूर खिशातूनही स्टँडच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. बेर्डे गेले १६ डिसेंबर २००४ ला. असे एमपीथ्री तुकडे खेडोपाडी वाजायला लागले ते त्यानंतर. म्हणजे ज्या आवाजाला हा धंदा सर्वांत जास्त मानवला, त्याच्या मालकाने तो धंदा पाहिलाच नाही.

आणि हो, हे सगळं चोरीचं आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा स्वतःपुरत्या वापराला जी सूट देतो, ती पाच रुपये घेणाऱ्या टपरीला लागू होत नाही. निर्मात्याला यातला छदाम मिळत नाही, संवाद लिहिणाऱ्याला तर नाहीच. मोबाइल कंपन्या याच वेळी एसएमएसवरून अधिकृत रिंगटोन विकताहेत, पण तिथे मिळतात गाणी, तीही मुंबईत कुणीतरी निवडलेल्या जागेवरून कापलेली. तात्यांना हवं ते वाक्य त्या यादीत कधीच नव्हतं. कॉलर ट्यून हा तर त्याहून विचित्र प्रकार. महिन्याला तीसेक रुपये आपण मोजायचे आणि गाणं ऐकायचं दुसऱ्याने! माझं मत विचाराल तर रिंगटोन हौस आहे, कॉलर ट्यून दिखावा.

काउंटरच्या खालच्या कप्प्यात, जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात एक पातळ पुस्तिका आहे. ती ओढून काढा. कव्हर फाटलेलं, आत पानंच्या पानं आकड्यांनी भरलेली. ३, ३, ५, मग ८, मग चांदणी. ही पुस्तिका पाच वर्षांपूर्वीची, तेव्हा तुम्हीही पाच वर्षं मागे चला.

२००३. टपरी तीच, कॉम्प्युटर नाही. एसटीडी बूथची लाकडी केबिन आहे आणि बाकावर बँडवाला बसलाय; लग्नात क्लॅरिनेट वाजवणारा. हातात कुणाचा तरी नोकिया ३३१०. फोनला गाणं वाजवता येत नाही, फक्त पिपाणी. एका वेळी एक सूर. 'कंपोझर' उघडायचा आणि सूर बोटांनी भरायचे. १ दाबलं की सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. नोकियाच्या फिनलंडमधल्या कारागिरांनी १ वर बसवला पाश्चात्त्यांचा 'सी', आणि पेटीवाले ज्याला पांढरी एक म्हणतात तो हाच. बँडवाल्याला कुणी काही शिकवावं लागलं नाही. ० म्हणजे विश्रांती, ८ ने सूर आखूड होतो, ९ ने लांब, चांदणीने सप्तक बदलतं. अडचण फक्त कोमल स्वरांची. फोनला कोमल माहीत नाही, त्याला आधीचा सूर चौकटीच्या बटणाने चढवावा लागतो. कोमल गंधार हवा तर रे भरा आणि चढवा. बँडवाला एकदा चुकतो, मग हसत म्हणतो, "उलटी पेटी हाय," आणि चित्रपटाच्या गाण्याचा मुखडा बोटावर उतरवून देतो.

मींड अर्थातच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर उडीच मारायची. पेटीबद्दलही लोक असंच म्हणत आले. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवली, त्यामागे हीच तक्रार होती. लोकांनी मात्र ना पेटी सोडली ना फोन.

याच २००३ च्या मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालंय. त्याआधी आलेला फोन उचलायलाही पैसे पडत, म्हणून लोक फोन वाजू देत, नंबर बघत आणि बूथवरून उलटा लावत. रिंगटोन पुरी ऐकली जाण्याचे ते दिवस होते. आता फोन लवकर उचलला जाईल, आणि पाच वर्षांनी त्या पोराला शब्दाआधीचा श्वास कापावा लागेल, त्याची सुरुवात इथे झाली.

संवाद मात्र २००३ च्या फोनमध्ये येत नाहीत. पिपाणीला बोलता येत नाही. सिनेमातलं बोलणं कापून विकायची युक्ती बघायची तर अजून मागे जावं लागेल, मोबाइलच्या कितीतरी मागे. बसा.

१९७६, भाद्रपद, गणपतीचे दिवस. गाव कुठलंही घ्या, मंडप तेवढा हवा. बांबूला बांधलेला कर्णा, खाली अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्याशेजारी फिरणारी तबकडी. गाणं चालू नाही. कर्ण्यातून अमजद खान बोलताहेत. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणि सुरुवातीला गाण्यांची तबकडी म्हणावी तशी उठेना. थेटरातून बाहेर पडणारे लोक गाणी गुणगुणत नव्हते, सलीम-जावेद यांची वाक्यं म्हणत होते. हे ध्यानात आल्यावर पॉलिडॉर कंपनीने नुसत्या संवादांची तबकडी काढली आणि ती लग्नाच्या मांडवापासून चहाच्या हॉटेलापर्यंत वाजू लागली. तीन तासांहून मोठा चित्रपट; त्यातलं काय ठेवायचं, कुठे सुरू करायचं, कुठे थांबायचं, हे कुणीतरी बसून ठरवलं असणार. बार्शीच्या पोराचा धंदा तो हाच. फरक एवढाच की पॉलिडॉरकडे परवाना होता.

मंडपातली पोरं बघा. अजून व्हिडिओ घरात आलेला नाही, चित्रपट पुन्हा बघायचा तर पुन्हा तिकीट. ही तबकडी ऐकून ऐकून त्यांचं सगळं पाठ झालंय, हुंकारासकट. कर्णाही फोनच्या स्पीकरसारखाच. खालचे सूर त्यालाही झेपत नाहीत, आणि वाढवला की तोही फाटतो. तरी चारशे माणसं ऐकताहेत. या कर्ण्यावरचा गब्बर ज्यांनी लहानपणी ऐकला, ते २००८ मध्ये चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना फाटका आवाज चालतो, इतकंच नाही, सिनेमातला माणूस असाच बोलतो अशी त्यांची कानाची सवय आहे. 'शोले'तली भानू गुप्ता यांनी वाजवलेली माउथ ऑर्गनची धून पुढे हजारो फोनांवर गेली, तिची पायवाट या मंडपातून जाते.

आता पुढे. भराभर जाऊ, कारण पुढे बघण्यासारखं कमी कमी होत जातं.

१ डिसेंबर २००९. टपरीत गर्दी, पण रिंगटोनसाठी नाही. ज्या हँडसेटला खरा आयएमईआय नंबर नाही त्यांची लाइन सरकारच्या हुकमाने बंद झाली आहे. चायना मोबाइल, ज्याचे स्पीकर सगळ्यांत दणदणीत, जो ट्रॅक्टरवर लावला तरी ऐकू जायचा, तो एका रात्रीत नुसता गाण्यांचा डबा झाला. पुढच्याच महिन्यात, १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' लागतो आणि ढोलकीची चाट पुन्हा सगळ्या खिशांतून. पोरगा आता व्हीसीडी वापरत नाही, पेन ड्राइव्हवर सगळं येतं. २०११ ला 'सिंघम' येतो. त्यातल्या एका मराठी वाक्याने महाराष्ट्राबाहेरचे फोनही मराठी बोलायला लागतात. टपरीच्या इतिहासातली ती शेवटची मोठी मागणी.

२०१६. एप्रिलमध्ये 'सैराट', सप्टेंबरमध्ये जिओ. डेटा स्वस्त झाल्यावर पाच रुपये देऊन तुकडा कोण कापून घेणार? चित्रपटच्या चित्रपट फोनवर. वरची पाटी नवी झाली, फ्लेक्सची. तिच्यावर 'टेम्पर्ड ग्लास', 'आधार प्रिंट', 'मनी ट्रान्सफर'. खालची वेगळ्या रंगातली ओळ फ्लेक्सवर आलीच नाही. लोकांचे फोन दिवसभर टिंग टिंग करतात, म्हणून ते सायलेंटवर जातात. आणि सायलेंटवर गेलेल्या फोनला कोणाचाही धनंजय माने उठवू शकत नाही. आलेला फोन म्हणजे कर्ज हवंय का असं विचारणारा, अशी समजूत झाल्यावर त्याला आवाज द्यावासा तरी कशाला वाटेल? मला विचाराल तर स्मार्टफोनने रिंगटोन मारली हे अर्धंच खरं. नको असलेल्या फोनांनी ती मारली.

उतरा. तुमचं साल आलं. खिशातला फोन काढा, त्याला रेंज आहे, आणि त्यावर अजूनही आवडीचा तुकडा कापून लावता येतो. अँड्रॉइडमध्ये तर फाइल 'रिंगटोन्स' फोल्डरमध्ये टाकली की काम झालं, स्वतःपुरतं केलंत तर कुणी हरकतही घेणार नाही. कापताना श्वास ठेवू नका, एवढं तुम्हाला आता माहीत आहे.

पण त्याआधी एक काम करा, कारण त्याला मुदत आहे. घरातल्या कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, बंद पडलेल्या नोकियात किंवा चायना मोबाइलमध्ये, नखाएवढं मेमरी कार्ड पडलेलं असेल. तसल्या कार्डातली नोंद म्हणजे साठवलेला विद्युतभार असतो, आणि वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलं तर तो झिरपतो. चित्रपट जपायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तालुक्याच्या टपऱ्यांमध्ये कापलेले हे तुकडे, शेवटी दुकानाचं नाव चिकटवलेले, फाटलेल्या आवाजाचे, जपणारं कुणी नाही; ते जिथे असतील तिथे तुमच्याआमच्या ड्रॉवरमध्येच आहेत. कार्ड रीडर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. जुन्या एएमआर फाइलीसुद्धा व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये उघडतात. सगळं आधी कॉपी करून घ्या, मग ऐकत बसा. आणि कार्ड लावताच कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणा.